रहीमचा ठिपका

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही — आणि तिला माझ्या दुकानातलं पाकीट न् पाकीट ठाऊक आहे. तुम्हाला का सांगतोय? सांगता येत नाही.

मोताळ्यात माझं बियाण्यांचं दुकान. घासाघीस करकरून, भांडून उभं केलेलं. बीटी कापूस जोरात होता, त्या वर्षांत हौसेनं वऱ्हाडी विनोदी सिनेमे काढले — सीडीवर, बाजाराच्या दिवशी विकायला. खलनायक मीच. पण लोक सीडी घ्यायचे ती रहीमसाठी. हा धामणगाव बढ्याचा शिंपी, आमचा विनोदी नट. खानदेशातले सीडीवालेही त्याला बोलवायचे.

मग बीटीवरही बोंडअळी आली. भर बाजारात कोणीतरी रहीमला विचारलं, बियाणं कोणाचं घेऊ?

"गजूभाऊचं घे," तो म्हणाला. "अळ्या मस्त पोसतात."

सगळा बाजार हसला. त्या हंगामात माझी पाकिटं पडून राहिली. तो खोटं बोलला होता का? नाही. अळी मीही पाहिली होती. पण राग — तो काय खरंखोटं तपासून येतो?

पुढे बऱ्याच वर्षांनी विद्यापीठातली एक मुलगी दुकानात आली. आपल्याकडच्या निरनिराळ्या भाषांच्या सिनेमात कोणत्या नटानं कोणाबरोबर काम केलं, याचं ती जाळं काढत होती. नट म्हणजे ठिपका. दोघं एका सिनेमात असले की मध्ये रेघ. हिंदी, तेलुगू, मराठी — आणि एका कोपऱ्यात आम्हीसुद्धा. वऱ्हाडी ठिपक्यांचा एक पुंजका, खानदेशी ठिपक्यांचा दुसरा. मध्ये कोरं. खानदेशवाले तिला म्हणाले होते, वऱ्हाडातून एक शिंपी यायचा, नाव आठवत नाही. सीडी तर केव्हाच खराब झालेल्या.

"दोन्हीकडे जोडलेले ते एकटेच दिसतात," ती म्हणाली. "काय नाव त्यांचं?"

मी बशीतला चहा संपवला. मग म्हणालो — असा कोणी नव्हता.

तिनं वहीतली एक ओळ खोडली. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली.

पुढच्या बाजारी रहीम आला. ती मुलगी येऊन गेल्याचं त्याच्या कानावर गेलं होतं. "माहं नाव सांगतलं ना, गजूभाऊ?"

हाव, सांगतलं, म्हणालो.

वर्षभरानं तिनं त्या जाळ्याचा छापील नकाशा पाठवला. सगळा इंग्रजीत. रहीमला उर्दू येतं, मराठी येतं — इंग्रजी नाही. इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"मी कुठी आहो याच्यात?"

काय करणार होतो? मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो माझा होता.

शिवणकामाचा चष्मा लावून तो वाकला. एकेक रेघ बोटानं शेवटपर्यंत नेली. "लय रेघा आहेत बे. इसरले नाहीत लोकं मले." मग मान वर केली. "अन् तू कुठी आहे?"

मले नाही घेतलं, म्हणालो.

त्याला वाईट वाटलं. माझ्यासाठी.

तो नकाशा दुकानात लावलेला आहे. बाजाराच्या दिवशी रहीम येतो, सोबत कधी एखादं गिऱ्हाईक घेऊन. बोट आता तो स्वतःच ठेवतो.