लाल दिव्यावर आईची नजर

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुस्तकात वाचलेलं चारचौघांत बोलायलाही मला संकोच वाटतो, मग लिहिणं तर लांबच. तरी लिहितो आहे. शब्द चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

नव्वदच्या दशकात मी बारामतीला मेकॅनिकल डिप्लोमा करत होतो. गावाकडे, बावड्याला, माझा थोरला भाऊ जुनी जीप भाड्यानं चालवायचा. आईचं हृदय अशक्त झालं होतं. एसटीच्या गर्दीत तिला दम लागायचा, म्हणून दर महिन्याला दादाच तिला पुण्याच्या दवाखान्यात न्यायचा.

जीपचं इंजिन तापायचं आणि समोरच्या डॅशबोर्डवर लाल दिवा लागायचा. उन्हात तो दादाला नीट दिसायचा नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं काम आईनं आपणहून घेतलं होतं. ती "लागला रं" म्हणाली की दादा गाडी बाजूला घ्यायचा. भिगवण, पाटस, यवत, असं थांबत थांबत जायचं. बॉनेट उघडून इंजिन गार होईपर्यंत आई झाडाखाली पाय पसरून बसायची, घोटभर पाणी प्यायची. पुण्यात पोचेपर्यंत कधी डॉक्टर उठून गेलेले असायचे. दादाला त्याचीच काळजी.

इंदापूरच्या गॅरेजात रेडिएटर धुऊन झाला, पाण्याचा पंप बदलून झाला. दिवा लागतच राहिला. एका रविवारी मी घरी गेलो आणि चाचरतच म्हणालो, थर्मोस्टॅट बघूया का? इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देणारी ती छोटी झडप. दादानं जीप अंगणात चालू ठेवली. दिवा लागला. मी रेडिएटरकडे जाणाऱ्या पाइपला हात लावला, तर तो जेमतेम कोमट. म्हणजे गरम पाणी इंजिनातच कोंडत होतं.

इंजिन निवाल्यावर झडप काढली आणि चहाच्या पातेल्यात उकळत्या पाण्यात टाकली. ती मिटलेलीच राहिली. आई म्हणाली, "आता ह्यात चहा केला तर कोन पिनार?"

बारामतीतून नवी झडप आणून पुढच्या रविवारी त्याच पातेल्यात टाकली. ती हळूहळू उघडली. आई वाकून बघत होती. "उघडलं की तोंड," ती म्हणाली. "आता माझं काम गेलं म्हनायचं."

"तू आता पुन्यापतूर निवांत झोप," दादा म्हणाला.

त्याच आठवड्यात दवाखान्याची तारीख होती. मी वर्गात होतो. इंजिनावरचा तास चालू होता आणि गाडी कुठवर गेली असेल याचाच मी विचार करत होतो. संध्याकाळी गावातला एक ओळखीचा माणूस होस्टेलवर आला. "घरी चल," एवढंच म्हणाला.

अंगणात जीप उभी होती. दादा तिच्या पायरीवर बसला होता. त्यानं मला जवळ बसवलं.

"दिवा एकदाबी लागला न्हाय," तो म्हणाला. "कुठं थांबलोच न्हाय. ती गप बसलीवती. मला वाटलं, झोपली. हडपसर आल्यावर हाक मारली."