त्या सालचं त्या सालाला

माझं पोट ‘फरक’ या एका शब्दावर चालतं. पुण्यात औषधांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत मी संख्याशास्त्राचं काम करते. काही रुग्णांना नवं औषध, काहींना जुनं. दोन्हींत खरंच फरक आहे की नुसता योगायोग, हे ‘आर’ नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत आज्ञा लिहून तपासायचं आणि खाली सही करायची. माझ्या सहीवर भलेभले डॉक्टर विश्वास ठेवतात. पण आयुष्यातली पहिली चाचणी मी साफ चुकवली होती. जिच्यासाठी केली होती, ती माझी माय आता नाही.

आमचं घर परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याचं. स्टेशनावरून पायवाटेनं वीसेक मिनिटं चाललं की शेत. त्यात दोन एकर भारी काळी जमीन, आणि तिथे रब्बीला ज्वारी ठरलेली. या दोन एकरांवरून माझ्या आईवडिलांचं दर दसऱ्याला वाजायचं. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळीकडे दुकानचं बी हवं असायचं. मायचं म्हणणं, घरचं बी तिच्या सासूच्याही आधीपासून चालत आलंय, ते सोडायचं नाही. शेवटी निम्मं निम्मं ठरायचं. मध्ये करडईची एक ओळ टाकायची. ओळीच्या अलीकडे घरचं, पलीकडे दुकानचं.

भांडण तिथे मिटत नसे, खरं तर तिथून पुढेच सुरू होई. दोन बियाणी म्हणजे काढणी वेगळी, खळ्यात ढीग वेगळे, मळणी वेगळी. दादा वैतागून म्हणायचे, “एकच पेरा, एकदाच काढा, मोकळं व्हा की. कामून जिवाला घोर लावून घ्यायलीस?” माय ऐकून घ्यायची आणि आपलंच करायची. उभ्या पिकात फिरून ती चांगली कणसं हेरायची, त्यांना चिंध्या बांधून ठेवायची. त्यांचं बी राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात जायचं. मडक्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा तिचा कायदा होता.

आणि ती मोजायची. दोन्ही ढीग पायलीच्या मापानं, उरलेलं लहान अधोलीनं. चौथीपर्यंत शिकलेली होती. माझ्या भूगोलाच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं तिनं घेतली होती. एका ओळीत एक साल. आधी ‘घ’ आणि त्याच्यापुढे आकडा, मग ‘दु’ आणि त्याच्यापुढे आकडा. अशी नऊ सालं तिनं लिहून ठेवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. घरात ही वही म्हणजे मायचा एक खुळेपणा, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मी तेव्हा परभणीला एम.एस्सी. करत होते. पॅसेंजरनं जायचं, पॅसेंजरनं यायचं. पहिल्या वर्षालाच आम्हाला ‘आर’ शिकवायला लागले आणि मला पंख फुटले. दोन ओळी लिहिल्या की मशीन सांगते काय खरं, काय योगायोग! जे दिसेल त्यावर मी चाचण्या लावत सुटले होते. मैत्रिणींची उंची झाली, गाडीचा उशीर झाला. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते मी, हे आता कळतं.

होळीच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन घरी आले, तर मळणी नुकतीच उरकली होती आणि दादा-मायचं जोरात चाललं होतं. दादांनी निर्वाणीचं सांगितलं, “आता माझ्यानं दोन दोन कामं व्हत न्हाईत. पुढच्या दसऱ्यापासून एकच बी.” माय म्हणाली, “माझं जास्ती येतंय.” दादा म्हणाले, “कुठं जास्ती येतंय? डोळ्याला तर काही दिसत न्हाई.” मी मध्ये पडले. म्हटलं, भांडू नका, माझ्याकडे यंत्र आहे. वहीतले आकडे घालते आणि दोन मिनिटांत निकाल देते. दादा हसले. माय मात्र आत जाऊन वही घेऊन आली, पदरानं पुसली आणि माझ्यासमोर ओट्यावर बसली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मला फार उशिरा ओळखता आलं. तिचं लिहिलेलं कुणीतरी पहिल्यांदाच वाचणार होतं.

ती वाचायला लागली. “ह्या साली घरचं इतकं, दुकानचं इतकं. त्याच्या फुडच्या साली…”

मी तिला थांबवलं. “असं नको माय. आधी सगळं घरचं सांग, मग सगळं दुकानचं. मला दोन वेगळ्या रांगा करायच्यात.”

तिनं बोट वहीवर त्याच ओळीत ठेवलं. मग म्हणाली, “असं कसं सांगू? त्या सालचं त्या सालाला सांगावं लागतं बाई. एका साली पान्याचा थेंब न्हाई, एका साली लय झालं. साल सोडून मोजू नये.”

“ते बघते मशीन. तू सांग.”

मशीन ते बघत नव्हती. मी दोन रांगा भरल्या, दोन सरासरींची तुलना करणाऱ्या टी-टेस्टची आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. ती आज्ञा देताना एक गोष्ट सांगावी लागते: हे आकडे जोडीजोडीनं आलेत की सुटे सुटे. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर ती भाषा गुमान सुटे धरून मोकळी होते. मी काहीच सांगितलं नाही. आमच्या सरांनी जोडीची चाचणी वर्गात शिकवली होती, माझ्या वहीत ती सुबक अक्षरात लिहिलेलीही होती. पण औषधाआधीचा आणि औषधानंतरचा रक्तदाब म्हणजे जोडी, एवढंच माझ्या डोक्यात बसलेलं. समोर बसलेली बाई तेच तिच्या भाषेत सांगत होती, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही.

पडद्यावर आकडा आला; तो अगदी लहान असेल तरच फरक खरा मानतात. या चाचणीत आधी असं धरून चालायचं असतं की फरक नाही. आकड्यांनी ते मोडून दाखवलं, तरच फरक आहे म्हणायचं. नाही मोडलं, तर ‘फरक असल्याचा पुरावा मिळाला नाही’ एवढंच म्हणता येतं, त्याच्या पुढे एक शब्द बोलायचा हक्क नसतो. ओल्या सालाचे आणि कोरड्या सालाचे ढीग मी एकात एक कालवले होते, त्यात मायचा फरक बुडून गेला होता. पुरावा मिळाला नाही. पण मी काय म्हणाले?

मी म्हणाले, “माय, फरक नाही.”

तिनं विचारलं, “म्हंजे फरक पडत न्हाई?”

आता या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. माझ्या हाताखाली आलेल्या पोरापोरींना मी त्यावर तासभर पिडते. त्या दिवशी मात्र मी मान हलवली आणि म्हणाले, “हो, तसंच समज.”

दादा खूश झाले. “बघ, शिकल्यालं मानूस म्हनायलंय आता,” असं मायला म्हणाले, आणि मी फुगले. मायनं वाद घातला नाही. वही मिटली, उठली, चहा ठेवला. माझ्या चहात तिनं आल्याचा मोठा तुकडा किसून घातला होता, मला आवडतो म्हणून.

त्या दसऱ्याला करडईची ओळ पेरली गेली नाही. दिवाळीत मी शेतात गेले तेव्हा दोन एकरांत एकसारखी ज्वारी होती आणि मला चक्क बरं वाटलं. माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग झाला, असं वाटलं. मायला मी काहीही विचारलं नाही.

नंतर पुणे, नोकरी, लग्न. मी वर्षातून दोन-तीनदा जायचे. माय बियाणाचं नाव काढत नसे. एकदाच, भाकरी थापताना काठ तुटला, तेव्हा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, “ह्या पिठाला विरी न्हाई, चिकटतच न्हाई.” मी मोबाइलमध्ये होते. दोन वर्षांपूर्वी ती गेली. दादांनी जमीन बटाईनं दिली आणि तिथे आता सोयाबीन आणि हरभरा असतो.

या वर्षी कंपनीत नवी मुलं आली. त्यांना जोडीची चाचणी शिकवायची होती आणि मला पुस्तकातली उदाहरणं नको होती. जुन्या मेलमध्ये शोधता शोधता मीच मला पाठवलेली ती फाईल सापडली. दोन रांगा, नऊ नऊ आकडे. दुपारची वेळ, जेवण होऊन सगळे आळसावलेले. मी सहज आकड्यांवरून नजर फिरवली आणि माझा हात थांबला. कोरड्या साली दोन्ही रांगा खाली, ओल्या साली दोन्ही वर. साल साल शेजारी ठेवून पाहिलं, तर नऊपैकी आठ सालं घरचं बी वर होतं. थोडंच वर, पण वर. यासाठी मशीनसुद्धा लागत नव्हती. तरी मी आज्ञा लिहिली आणि या वेळी जोडीचं सांगितलं.

आकडा घसरून पार तळाला गेला. फरक होता.

मुलं विचारत होती, मॅडम, कुठला डेटा आहे? मी म्हटलं, आहे एका शेतकरी बाईचा. मोजणी कशी केली, दोन्ही ढिगांना एकच माप होतं का, जमीन सारखी होती का, असले सगळे शहाणे प्रश्न त्यांनी विचारले आणि मी उत्तरं देत गेले. सगळ्याला चोख उत्तर होतं. तिनं काहीच सोडलं नव्हतं. माझ्या कंपनीतल्या भल्या थोरल्या चाचण्यांत इतकी स्वच्छ आखणी मी फार कमी वेळा पाहिली आहे. मग मी स्वच्छतागृहात जाऊन रडले.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. ते बी कुठेतरी असेल, असं डोक्यानं घेतलं. मायला मूठ मूठ बी वाटायची सवय होती. पाथरीला मावशी आहे, मायची धाकटी बहीण. तिच्याकडे नक्की गेलं असेल. चार ओळी का होईना, मला ते पुन्हा उगवलेलं बघायचं होतं. माय परत येणार नव्हती, पण तिचं काहीतरी जमिनीतून वर येईल, एवढी आस लागली होती. दोन दिवसांची रजा टाकली, परभणीपर्यंत रेल्वेनं आले आणि तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून पाथरी गाठली.

मावशी दारातच बसली होती. चहापाणी झालं, जुन्या गोष्टी झाल्या. मग मी विचारलं, मायच्या जवारीचं बी आहे का गं तुझ्याकडे?

“ते बी?” मावशी म्हणाली. “ते तर आमी खाल्लं.”

मला कळलं नाही. मावशीनं सांगितलं. ज्या वर्षी मी चाचणी केली, त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर माय पाथरीला आली होती. डोक्यावर पिठाचं गाठोडं. मडक्यातलं सगळं बी राखेतून निवडून, धुऊन, वाळवून तिनं दळून आणलं होतं. म्हणाली, ह्याच्या भाकरी करू. दोघी बहिणींनी चार दिवस त्याच भाकरी खाल्ल्या.

“मी तिला म्हनलं,” मावशी सांगत होती, “अगं, येडी का खुळी? पेराचं बी कुनी दळतंय का? तर म्हनली, पोरीनं हिसाब केलाय. फरक न्हाई म्हनली पोरगी. मी म्हनलं, तुला काय वाटतंय? तर म्हनली, मला ठावं हाय जास्ती येतंय ते. नऊ सालं मोजायले मी.”

“मग?” मी म्हटलं.

“मग मी म्हनलं, एक मूठ तर ठेव. परसात पेर. तर न्हाईच म्हनली. पेरलं अन् जास्ती आलं तर पोरगी खोटी पडंल म्हनली. बापाम्होरं, साऱ्या गावाम्होरं. शिकायलीय अजून, तिचा शब्द खाली पडू द्याचा न्हाई.”

मावशी आत गेली. मी तिथेच बसून राहिले. मला मायची आठवण रोज येते, पण त्या दिवशी मला तिचा भयंकर राग आला. अगं, माझ्या धंद्यात खोटं पडायला कुणी भीत नाही. आमचं अर्धं काम तेच असतं. धरून चाललेलं खोटं पडलं तरच आम्हाला काही कळतं. हे मी तुला सांगितलंच नाही. दोन मिनिटांत निकाल देते म्हणाले, पण निकाल पुन्हा तपासता येतो, हे म्हणाले नाही. तुला वाटलं असेल की शिकलेल्या पोरीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

तिनं एक ओळ पेरायला हवी होती. फाल्गुनात मला बोलावून घेऊन, पायली हातात देऊन म्हणायला हवं होतं, “मोज, पोरी. चुकलीस तू.” मी चिडले असते, भांडले असते, थोडी रडलेही असते. आणि मग तिच्या शेजारी ओट्यावर बसून, ती सांगेल तसं, पुन्हा मोजलं असतं.