अकरा नंबरची सोंड

आषाढातला पाऊस तीन दिवस उघडला नव्हता. पेणच्या कारखान्यात शाडूच्या मूर्ती वाळायचं नाव घेत नव्हत्या, म्हणून कमळाकरशेठनी फळ्यांखाली पिवळे बल्ब लावले होते. नूतन रोह्याहून सकाळच्या गाडीनं आली, छत्री दाराशी टेकवली, ओढणी कमरेला बांधली आणि पॉलिश पेपर घेऊन वाळलेल्या चार मूर्ती घासायला बसली. अकरापर्यंत घासकाम, मग कॉम्प्युटर. घासकाम पाच वर्षांचं होतं. कॉम्प्युटरचं शेठनी एका सीझनपुरतं दिलं होतं. जमलं तर पुढं, नाय तर पेपर हाय आणि तू हायस, असं बजावून.

तिचं माहेर धरमतरच्या खाडीकडचं, मिठागरावर राबणारं. सासर रोह्याजवळ, वालाच्या गावात. भिजवलेले वाल सोलता सोलता, फोन तांब्याला टेकवून ती वेबसाइट बनवायला शिकली. सासू म्हणायची, हिची नजर फोनात आणि सालं डाळिंब्यांत.

कारखान्याच्या वेबसाइटवर तिनं प्रत्येक मूर्तीचा फोटो खेळातल्या पत्त्यासारखा मांडला होता. बोट लावलं की पत्ता दारासारखा वळायचा आणि मागं नंबर, उंची, रंग दिसायचा. हे सगळं स्टाइलशीटमधल्या, म्हणजे पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या यादीतल्या, दोन-चार ओळींचं काम. पहिल्या दिवशी पत्ता वळेचना, नुसता आक्रसून बारीक होई नि पुन्हा रुंद होई. मग तिला उमगलं की बघणारा किती लांब उभा आहे, ते बाहेरच्या चौकटीला सांगावं लागतं. मिठागराच्या बांधावर उभं राहिलं की जवळचे वाफे रुंद दिसतात, लांबचे निमुळते होत जातात, तसंच ते. अंतर दिलं, आणि पत्त्याची जवळची कड मोठी होऊन खरोखरच पुढं आली. त्या दिवशी ती एकटीच हसत बसली होती.

मागच्या बाजूला अक्षरं आधी उलटी आली होती. ती लगेच दिसली, म्हणून तिनं अक्षरांचा वेगळा थर करून सरळ केली. अक्षरांमागं पुढचाच फोटो फिकट दिसत होता. तो छान वाटला, राहू दिला.

अकरा नंबरच्या मूर्तीला सात घरांनी ऑर्डर दिली. सातही जणांनी फोनवर पत्त्याच्या मागच्या बाजूचाच फोटो काढून पाठवला, कारण माप तिथं होतं. शेठनी ते छापून भिंतीला लावले. या मूर्तीचं अंग साच्यातून निघतं, सोंड मात्र हातानं बसवायची. ते काम हौसाबाईंचं, सव्वीस वर्षांचं.

त्या पावसाळी सकाळी अकरा नंबरच्या पहिल्या मूर्तीला सोंड लावायला हौसाबाई बसल्या आणि थांबल्या. मातीचा गोळा ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला. शेठनी विचारलं, तर म्हणाल्या, हे उजव्या सोंडेचं हाय, या घरांनी विचारून घेतलंय का? उजव्या सोंडेच्या गणपतीचं सोवळं कडक. कुणी सहज घरी आणत नाही. शेठ म्हणाले, गिऱ्हाइकानं फोटो पाठवलाय, फोटोबरहुकूम करा, आधीच उशीर झालाय. हौसाबाई हलल्या नाहीत. त्यांनी नूतनला हाक मारली.

"नूतन गो, अकरा नंबर आपन डावा करतू. ही सोंड कोनी फिरवली?"

नूतननं कागद पाहिला. नंबर बरोबर, उंची बरोबर, रंग बरोबर. मग तिनं सोंड पाहिली आणि हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. पत्ता वळला की फोटो पाठीमागून दिसत होता, आरशात दिसावा तसा, डाव्याचा उजवा होऊन. अक्षरं तिनं सरळ केली होती. देव उलटाच राहिला होता.

"मीच फिरवली, आते," ती म्हणाली.

शेठनी भिंतीवरचे सातही कागद पुन्हा पाहिले. मग इतकंच म्हणाले, की आम्ही सगळ्यांनी हे कागद दहादा वाचले, मग कुणालाच कसं दिसलं नाय?

"तुमी वाचलव," हौसाबाई म्हणाल्या. "मना वाचता येत नाय. मी देव बगितला."

शेठच्या मनात होतं, सातही मूर्ती डाव्या करून टाकाव्यात आणि ती वेबसाइट बंद करावी. नूतननं दुपारपर्यंतची मुदत मागितली. आधी तिनं एक ओळ लिहिली: फोटोची पाठ दाखवायची नाही. मग मागच्या बाजूसाठी फोटोचा दुसरा थर घेतला आणि अक्षरांसारखाच आधीच अर्धा फेरा वळवून ठेवला, म्हणजे पत्ता फिरला की तो सरळ येईल. पण केलेली चूक ओळीनं पुसली जात नव्हती. ती सातही घरांना फोन करायला बसली. प्रत्येक ठिकाणी आधी माझं चुकलं म्हणाली, मग सोंड विचारली.

सहा घरांनी डावी सांगितली. एका बाईंनी वर दहा मिनिटं ऐकवलं. सातवे रोह्याचे दत्तात्रेयकाका. ते गडबडले. म्हणाले, आमच्याकडं चार पिढ्या उजव्या सोंडेचाच बसतो, तुमच्या फोटोत दिसला म्हणून तर आनंदानं मागवला. आता नाय म्हणू नका.

न विचारता सातही डाव्या केल्या असत्या तर काकांचं घर चुकलं असतं, हे शेठना कळायला वेळ लागला नाही. वेबसाइट राहू दे म्हणाले. फक्त नवा फोटो चढवण्याआधी हौसाबाईंना दाखवायचा, दोन्ही बाजूंनी. प्रत्येक पत्त्याच्या मागं नूतननं एक ओळ वाढवली: सोंड कुठली, ते फोनवर सांगावं.

संध्याकाळी ती हौसाबाईंच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय मागं घेतले, मातीचे होते. बाई थांबल्या नसत्या तर सहा घरांच्या पाटावर नको तो देव बसला असता आणि नूतनला आयुष्यभर तो दिसत राहिला असता. तिनं हे बोलून दाखवलं.

"फडकी भिजवून आन," हौसाबाई म्हणाल्या. "माती सुकतं."

नूतन बादली घेऊन नळाखाली बसली आणि एकेक फडकं पिळू लागली.