वारा न देणारा पंखा

चार कलाकारांच्या मधोमध एक नवीन मशीन ठेवलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. आमच्याकडे तर इतके साचलेत, की कोणी नुसतं 'होलोग्राम' म्हटलं तरी आम्ही आधी हसून घेतो.

आम्ही म्हणजे मोजून चार माणसं. मी शाळेत चित्रकला शिकवते आणि मिठागरांची जलरंगातली चित्रं काढते. परब फुलपाड्यात गणपती करतात. भुईगावचे बस्त्यावकाका लाकडातून संतांचे पुतळे कोरायचे. आणि चौथा संदेश. वालीवला त्याचा अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यांचा गाळा आहे, तिथे आम्ही शनिवारी दुपारी जमतो. चहा त्याचा, बडबड आमची.

मे महिन्यात संदेशने एका शोरूमसाठी होलोग्रामचा पंखा मागवला. पात्यांवर बारीक लाइट. पंखा गरगर फिरायला लागला की पाती दिसेनाशी होतात आणि चित्र हवेत तरंगतं. गिऱ्हाइकाकडे जाईपर्यंत महिनाभर तो गाळ्यातच राहणार होता.

"मॅडम, आता फ्रेम, काच, भिंत, सगळं विसरा!" संदेश म्हणाला. "पेनड्राइव्ह खिशात घालायचा आणि कुठेही प्रदर्शन भरवायचं!"

आम्ही भारावून बघत होतो. तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातले दोन कामगार डबे घेऊन आले आणि बरोबर पंख्यासमोर बसले. दोन पोळ्या झाल्यावर त्यातला एक घाम पुसत म्हणाला, "शेठ, पिक्चर एक नंबर आहे. पण जरा रेग्युलेटर वाढवा ना, वाराच येत नाय!"

*

पहिला मान माझ्या चित्राला मिळाला. नायगावच्या खाडीकडचं मिठागर, संध्याकाळचा उजेड, तीन महिने त्यावर घालवले होते. संदेशने ते हवेत सोडलं आणि गोल फिरवलं.

चित्र फिरत फिरत आडवं आलं, आणि गायब! उरली एक बारीक उभी रेघ. मग पुन्हा चित्र, पुन्हा रेघ. कागदाला जाडी नसते हे मला ठाऊक होतं, पण माझ्या कलेलाही नसेल असं वाटलं नव्हतं.

माझा चेहरा पडलेला बघून परबांनी समजूत घातली. "वाईट नका वाटून घेऊ हो. रेघ सुंदर आलीय!"

*

पंख्याबरोबर नमुन्याची एक फाइल आली होती, त्यात एक पापलेट होतं. ते हवेत चकाकत गोल फिरायचं.

पाचूबंदरची शेवंतीमावशी दुपारी वालीवच्या गाळ्यांमध्ये मासळी विकते. ती टोपली उतरवून उभी राहिली. पापलेटाला पुढून बघितलं, मागून बघितलं, कल्ला उघडायला हात पुढे केला, तर संदेश ओरडला, "मावशी, बोट कापेल!" तेव्हापासून पंख्याला अ‍ॅक्रिलिकचं झाकण आलं.

मावशीने हात मागे घेतला. मग लांबूनच नाक पुढे करून हुंगलं आणि निकाल दिला. "वास नाय. म्हंजे ताजा हाय!"

*

परबांच्या बाप्पाची गोष्ट जरा नाजूक आहे. मोबाइलने मूर्तीभोवती फिरून फोटो काढायचे, त्यातून संदेश कंप्युटरवर सगळ्या बाजूंनी मूर्ती उभी करायचा. बाप्पा हवेत आले, आम्ही हात जोडले. बाप्पा वळले आणि परब किंचाळले, "बंद कर! बाप्पाची पाठ बघायची नसते!"

त्यात पाठीवर काही कामही नव्हतं. मखरात कोण मागे जाऊन बघणार? तिथे सपाट माती, परबांच्या अंगठ्याचे ठसे, आणि पेन्सिलीने लिहिलेलं, 'सकपाळ, नायगाव, पाट मोठा आणणार'. ते सगळं हवेत सोन्यासारखं चमकत होतं.

संदेशने तोडगा काढला. पूर्ण गोल नको, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. पाठ दिसायलाच नको. परब खूश झाले.

दोन दिवसांवर बारावीचा निकाल होता. शेजारच्या गाळ्यात पॅकिंग करणाऱ्या ताईंची मुलगी बाप्पासमोर डोळे मिटून उभी राहिली. डोळे उघडले आणि तिला रडूच फुटलं. "आई, बाप्पा नाही म्हणतोय!"

खरंच की! बाप्पा डावीकडे, उजवीकडे, शांतपणे नकार देत होते. परबांनी धावत जाऊन प्लग काढला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अगं वेडे, तो नाही म्हणत नव्हता. दोन्ही बाजूंनी पेपर तपासत होता!"

मुलगी चांगली पास झाली. पेढ्यांचा बॉक्स तिने आधी पंख्यासमोर ठेवला, मग आमच्यासमोर.

*

बस्त्यावकाका या सगळ्यात गप्प असायचे. वय ऐंशीच्या पुढे, हात थरथरतात, कोरायची पटाशी सुटून सहा वर्षं झाली. त्यांची बायको कातरीनमावशी त्यांना रिक्षाने घेऊन यायची आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून आमच्या गप्पा ऐकायची. बशीत चहा ओतून काकांच्या हातात द्यायची, बशीला खालून बोट लावून ठेवायची.

काकांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे त्यांच्या चर्चमधला संत योसेफ. अख्ख्या सागवानात कोरलेला, उंच कोनाड्यात उभा. एका शनिवारी काका एकदम बोलले. "चाळीस वर्सं लोकांनी त्याची खालून हनुवटीच बगितली. त्याचे डोले कोनी बगितले नाय. मी जायच्या आदी एकदा लोकांनी जवलून बगावं."

एवढंच मागणं होतं त्यांचं. संदेशने तिथेच फादरना फोन लावला. योग चांगला होता. चर्चच्या रंगकामासाठी पुतळा आठवडाभर खाली उतरवून कोठीत ठेवला होता, तेवढ्यात फोटो काढून घ्यायचे होते. रविवारी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर हॉलमध्ये दाखवायचं ठरलं. एकच रविवार, कारण सोमवारी पंखा गिऱ्हाइकाकडे जाणार होता.

फोटो काढताना मात्र काका अडून बसले. "पुडून काड. मागं काय नाय."

"काका, सगळ्या बाजूंनी काढल्याशिवाय होत नाही."

"मंग काड. पन दाकवायचं नाय. परबाच्या गनपतीसारकं कर."

मला वाटलं, मागचं काम कच्चं राहिलंय, म्हातारा लाजतोय. मी संदेशला डोळ्याने खुणावलं, ऐक त्यांचं.

*

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत काका नव्या शर्टात, शेजारी कातरीनमावशी. दिवे मालवले, पंखा सुरू झाला आणि योसेफ हवेत उभा राहिला. त्याचे डोळे! दिवसभर काम करून घरी आलेल्या बापाचे, दमलेले आणि प्रेमळ. बायका पुढे सरकल्या. काकांचा चेहरा उजळला होता.

आणि योसेफ वळायला लागला. संदेशने गडबडीत चुकीची फाइल लावली होती, पूर्ण गोल फिरणारी!

पाठ समोर आली. मोठं लाकूड तडकू नये म्हणून पुतळा मागून पोखरतात. योसेफ मानेपासून टाचेपर्यंत पोकळ होता. पण आतली बाजू ओबडधोबड नव्हती. पटाशीचे छोटे छोटे टवके, सारख्या मापाचे, रांगेने खाली उतरत गेलेले, भुईगावच्या वाडीतल्या वाफ्यांसारखे नेटके. पुढच्या कामाइतकंच ते देखणं होतं, आणि खरं सांगते, कोरणारा हात पूर्ण निराळा होता.

कातरीनमावशी पुढे वाकली. चाळीस वर्षं योसेफ भिंतीला पाठ लावून उभा होता. ती अगदी हळू, स्वतःशीच बोलली, "आतलं माजं हाय."

संदेश धावत फाइल बदलायला निघाला. काकांनी काठी आडवी घातली. "थांबव."

"काका, चुकून लागली, आत्ता समोरून लावतो..."

"फिरवू नको. हितंच थांबव."

संदेशने चित्र थांबवलं. योसेफ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मागे उशिरा आलेले लोक दारातून आत शिरत होते. त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "अरे, पुतळा उलटा लावलाय!"

काका काठीवर जोर देऊन उठले आणि दाराकडे वळले.

"उलटा नाय. आज हिचा नंबर हाय."