इम्रानने ऐकलेला सिनेमा

मागच्या रविवारी आम्ही चौघं जानेफळहून खामगावला सिनेमा बघायला गेलो. त्यातल्या तिघांनी तो आठवडाभर आधीच पाहिला होता... मग परत का गेलो, तेच सांगायचंय.

सिनेमा भुताचा. बारावीत असताना आम्ही ज्या कॉम्प्युटर गेमसाठी वेडे झालो होतो, त्याच गेमवर काढलेला. ओसाड दवाखाना, गेलेली वीज, आणि आत कुणीतरी फिरतंय... एवढीच गोष्ट.

इम्रानच्या मामाच्या झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटर होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही तिथे. कीबोर्ड कायम इम्रानकडे. सचिन, रुपाली आणि मी मागे उभं राहून नुसते ओरडायचो.

इम्रानला आता दिसत नाही. डोळ्यांच्या पडद्याचा आजार... विशीनंतर नजर हळूहळू गेली. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. भावाच्या कापडदुकानात बसतो, बोटांनी कापड ओळखतो, फोनवरचे मेसेज ऐकतो. आमच्या जुन्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त बडबड त्याचीच.

तर सिनेमा आला आणि त्याला विचारायचं कसं, हा प्रश्न पडला. "त्याले वाईट वाटन," रुपाली म्हणाली. म्हणून आम्ही तिघं गुपचूप जाऊन आलो. आल्यावर चर्चा तर करायचीच होती... तेव्हा मी तिघांचा वेगळा ग्रुप काढला. हो, मीच काढला.

चार दिवस नुसता धुरळा. सचिनचं म्हणणं, गेमची पार वाट लावली, भूत पहिल्या अर्ध्या तासातच दाखवून टाकलं. मला शेवट आवडला होता... गेममध्ये नर्स मरते, इथे तिला वाचवलंय. रुपाली स्वतः नर्स आहे, तिचा राग वेगळाच. रात्रपाळीला असे टकटक वाजणारे बूट कोण घालतं?

गुरुवारी सचिनने आपला एक लांबलचक मेसेज चुकून जुन्या ग्रुपवर टाकला. लगेच पुसलाही. पण तोवर इम्रानच्या फोनने तो वाचून दाखवला होता.

दहा मिनिटांनी त्याची व्हॉइस नोट आली. "पाहून आले काय बे? मंग मले काऊन नाही नेलं?" आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं...

संध्याकाळी, मी शिकवते ती शाळा सुटल्यावर, त्याच्या दुकानात गेले. तो ब्लाउजपीसच्या घड्या घालत होता. "चुकलं इम्रान," मी म्हटलं. "तुले वाईट वाटू नये म्हणून..."

"आता वाटलं ना," तो म्हणाला. घडी पूर्ण केली, बाजूला ठेवली. "रविवारी चाला. पण मधात कोणी बोलायचं नाही."

दुपारच्या खेळाला जेमतेम पंधरा माणसं. मला राहवेना. "आता ती जिना उतरू राह्यली..." मी त्याच्या कानाशी सुरू केलं.

"चूप बस, प्रज्ञा. मले ऐकू दे."

पुढे त्या लांबलचक व्हरांड्याचा सीन आला. इम्रान माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "डाव्या हातानं येते पाह्य." दुसऱ्याच क्षणी डावीकडचं दार उघडलं आणि मी किंचाळले... आधी पाहिलेलं असूनही. तो शेजारी बसून गालातल्या गालात हसत होता.

नंतर बाहेर हॉटेलात चहा-कचोरी घेतली. सचिनने पुन्हा आपलं गाऱ्हाणं सुरू केलं, भूत लवकर दाखवलं म्हणून. इम्रानने पूर्ण ऐकून घेतलं.

"दाखवलं असन बे. पण त्याच्या पायाचा आवाज तोच ठेवला त्यायनं. एक पाय घासत चालते ते. म्या त्या आवाजावरच तं पुरा गेम खेळलो."

"म्हणजे?" सचिनला कळेना.

"बारावीतच मले अंधारातलं दिसत नव्हतं. उजेडात दिसे. पण त्या गेममधे जिकडं तिकडं अंधार... मले स्क्रीनवर नुसतं काळं दिसे."

खेळताना तो सारखा भिंतींना धडकायचा, ते मला आठवलं. आम्ही हसायचो, आणि तो मामाच्या कीबोर्डला शिव्या द्यायचा.

"मंग सांगतलं काऊन नाही?" सचिनने विचारलं.

"सांगतलं असतं तं कीबोर्ड तुह्याकडे गेला असता." आम्ही हसलो, तोही हसला. मग बशीतली कचोरी मोडत म्हणाला, "घरी बी नव्हतं सांगतलं. वाटे, आपण बोललोच नाही तं होणारच नाही..."

रुपालीने त्याच्या बशीत आणखी चटणी वाढली. मला आम्हा चौघांमधला सतरा वर्षांचा इम्रान दिसत होता. घाबरलेला... पण गेममधल्या भुताला नाही. आणि आम्ही त्याच्या अगदी पाठीशी उभे होतो.

परतताना गाडीत जानेफळ येईपर्यंत भांडण चाललं. इम्रानचं मत, नर्स मरायलाच पाहिजे होती, तिला वाचवून सगळी मजा घालवली. मी एकटी पडले. वेगळा ग्रुप मी वाटेतच डिलीट केला.

ही पोस्ट टाकायच्या आधी इम्रानला वाचून दाखवली. "टाक," म्हणाला, "मले काय शरम हाय."

एखाद्याला काय सोसवेल, काय नाही, हे आपण परस्पर ठरवून मोकळे होतो... आणि त्याला काळजी म्हणतो. इम्रान, "मले काऊन नाही नेलं" हे तू सरळ विचारलंस. गप्प बसला असतास तर आम्ही आमच्या चांगुलपणावर खूश राहिलो असतो... आणि तुला हळूहळू गमावून बसलो असतो.