जुन्या पोत्याला नवी सुतळी

बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी आमच्या वस्तीतल्या मुलांना फसवलं. सरकारकडून आलेली चांगली सुकडी त्यांनी म्हशींच्या गोठ्यावर विकली, कुजकी आम्हाला पाठवली आणि मुलं आजारी पडल्यावर बोट दाखवलं ते स्वयंपाकिणीकडे. हे मी ऐकीव सांगत नाही. ती पोती मीच उतरवून घेतली होती, आणि गोठ्याचं मला पुढं टेम्पोवाल्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

मी पाचोडकडची, मेंढपाळाच्या घरातली. मेंढी घेताना लोकर बघायची नाही, लोकरीत हात घालून कणा चाचपायचा, हे बापानं बाजारात उभं करून शिकवलं. वाळूजला कारखाने वाढले तसे आम्ही बजाजनगरच्या कडेच्या वस्तीत आलो. नवरा कारखान्यात हमाली करायचा, मी हातगाडीवर भाजी विकायची. पुढं गाडीचा गाळा झाला. मला कोणी फसवू शकत नाही असं वस्तीत सगळे म्हणत, आणि मला ते आवडायचं. म्हणून बालवाडीचा माल आला की तिथल्या बाई मलाच बोलावून घेत. मी पोत्याचं तोंड उसवायची, कोपरापर्यंत हात घालायची, तळातली मूठ काढून हुंगायची. मगच सही.

सुकडी म्हणजे धान्य भाजून दळलेलं गोडसर पीठ. ते शिजवून मुलांना वाटी वाटी द्यायचं. शिजवणारी शेजारच्या बौद्ध वस्तीतली, विधवा, दोन लेकरांची आई. माझी धाकटी घरी जेवायला रडायची आणि तिच्या हातचं वाटी चाटून खायची. मला ती चिडवायची, "आक्का, तुम्ही देवाकडनंबी कोथिंबीर वरून मागून घ्याल."

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून हवा तापलेली होती. पाण्याच्या टाकीवर बायांच्या दोन रांगा लागायला लागल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. दोघी बोलत असल्या आणि तिसरी आली की बोलणं थांबायचं.

अशाच एका सकाळी टेम्पो आला. सचिव स्वतः पुढं बसलेले. एरवी ते कधी येत नसत.

"ताई, लवकर करा. रस्त्यावर टायर जळायलेत. अडकलो तर टेम्पो जाईल."

पोती जुनी होती आणि शिवण नव्या सुतळीची, म्हणजे मधे कोणीतरी उघडलेली. ते मला दिसलं. एकाचं तोंड उसवलं तर वर पिवळी, कोरडी, खमंग सुकडी. हात आत घालणार तोच मोठ्या रस्त्याकडून ओरडा ऐकू आला. माझा गाळा उघडा होता. मी मनगटापर्यंत हात घातला आणि सही केली.

आठवडाभर वरचं चांगलं चाललं. मग स्वयंपाकीण गाळ्यावर आली.

"आक्का, खालच्या सुकडीला वास यायलाय. गाठी निघायल्यात."

"मी बघून घेतलंय. तू मला माल शिकवतीस व्हय?"

"शिकवत नाय, आक्का. एकदा येऊन बघा."

गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि माझं डोकं फिरलं. मी गेले नाही. ती बाईंकडे गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "आक्कांची सही आहे, शिजव." तिनं शिजवलं.

दुपारपर्यंत निम्मी बालवाडी ओकत होती. माझी धाकटी माझ्या खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडली. तिला सरकारी दवाखान्यात सलाइन लावलं, नवऱ्याला तिच्याजवळ बसवलं आणि मी संध्याकाळी परत आले. तर स्वयंपाकिणीच्या दारासमोर आमच्या वस्तीतले लोक जमलेले.

"तिनंच काहीतरी कालवलं," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आत्ताच कसं झालं? या दिवसांतच?"

मी पोतं आणायला बालवाडीकडे धावले. ते सगळ्यांसमोर ओतायचं होतं. खोली रिकामी. तपासणीसाठी म्हणून सचिवांनी पोती तासाभरापूर्वी उचलून नेली होती.

मी परत आले तेव्हा ते स्वतः गर्दीत उभे होते, हातात माझ्या सहीचा कागद. "माल चांगला होता. ताईंनी बघून घेतला. बिघडलं ते इथं, शिजवताना."

"तळ बघितला नव्हता मी!" मी ओरडले.

माझीच शेजारीण हसली. "लई सौदेबाज ना तू? मग तळ का नाय बघितला?"

स्वयंपाकीण दारात उभी होती, मागं दोन्ही लेकरं. ती गर्दीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिच्या पत्र्यावर एक दगड पडला. थोड्या वेळानं आणखी एक. कोणी टाकला ते कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पेटी आणि लेकरं घेऊन रिक्षात बसून गेली. कुठं गेली, मला आजतागायत कळलेलं नाही.

सचिवांचं आता शहरात पुंडलिकनगरला घर आहे. मी तिथं गेले होते. चहा दिला आणि म्हणाले, "ताई, जुनं कशाला उकरता? मुलं वाचली ना?"

मुलं वाचली. मी तळ बघितला नाही, तिनं सांगितलं तरी गेले नाही, हा माझा गुन्हा मी इथं लिहून दिला. आता त्यांनी वस्तीत यावं. पोरांच्या तोंडचं म्हशींना घालून, पत्र्यावर दगड पडत असताना माझी सही हातात धरून ते गप्प का उभे राहिले, ते सगळ्यांसमोर सांगावं.