कोरियन आजी काय म्हणाली

कोरियन मालिका आमच्या घरात आल्या त्या माझ्या शाळेतल्या आठवीच्या मुलींमुळे. मधल्या सुट्टीत त्या एका गोऱ्यागोमट्या नायकावरून कडाकडा भांडत होत्या. मी रागवायला म्हणून गेले आणि मालिकेचं नाव विचारून परत आले.

आम्ही गडचांदूरला राहतो. नवरा सिमेंटच्या कारखान्यात आहे, मी सकाळच्या शाळेत इंग्रजी शिकवते. मुलगी झाली तेव्हा सासूबाई चार महिन्यांसाठी म्हणून वडशाकडच्या त्यांच्या गावाहून आल्या. मुलगी तीन वर्षांची झाली तरी त्या इथेच होत्या. त्यांना मी आई म्हणते. दुपारी मी घरी यायचे, जेवणं उरकायची, मुलगी झोपायची, आणि कूलर लावून आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो. शेजारच्या वहिनीही यायच्या. दार वाजवण्याची त्यांना सवय नाही.

ती मालिका तेव्हा हिंदीत आलेली नव्हती. बोलणं सगळं कोरियन आणि खाली इंग्रजी अक्षरं. ती वाचून आमच्या बोलीत सांगायचं काम माझं. भाजी निवडता निवडता दोघी ऐकायच्या, आणि एखादा प्रसंग झाला की मला थांबवून वाद घालायच्या.

वहिनींना नायक मुळीच पटत नसे. ओठांना रंग लावणारा माणूस, नुसती छत्री धरून उभा राहतो, आठ भाग झाले तरी पोरीचा हात धरत नाही, हा कसला पुरुष, असं त्यांचं म्हणणं. आईंना तोच आवडायचा, कारण जेवल्यावर तो स्वतःची भांडी धुवायचा. नायिका त्याची मदत नाकारायची तेव्हा वहिनी म्हणायच्या, माज आहे. आई म्हणायच्या, माज नाही, तिला तिची इज्जत आहे. मला खरं सांगायचं तर ती नायिका जरा बावळट वाटायची. पण वहिनींशी माझं फारसं जमत नाही, म्हणून मी आईंच्या बाजूनं होते. आणि इथेच सवय लागली. वाद वहिनींच्या बाजूला झुकतोय असं दिसलं की मी नायिकेच्या तोंडी एखादं चांगलं ठसकेबाज वाक्य घालायचे. वहिनी गप्प व्हायच्या. मला मजा वाटायची.

नायिकेची आजी मात्र सगळ्यांचीच लाडकी होती. समुद्रकाठच्या खेड्यातून नातीकडे शहरात आलेली, बुटकी, तोंडाळ म्हातारी. एका भागात ती डोंगरावरच्या विहारात गेली आणि बुद्धाच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून वाकली. आईंनी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि टीव्हीकडे बघून हात जोडले. "हे तं आपलेच लोक होत," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून आजीचं बोलणं त्यांना फार खरं वाटायला लागलं. आजी काय म्हणाली ते नीट सांग, मधलं गाळू नको, असं मला बजावायच्या.

मालिका संपत आली तेव्हा गावाकडे धान निसवून लोंब्या बाहेर आल्या होत्या. आईंनी आपली पिशवी वरच्या फळीवरून काढली. आता पोट्टी अंगणवाडीत जाईल, मी कापणीच्या आधी गावी जाते, तिथेच राहते, असं त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. गावात त्यांचं दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं घर होतं, मागे परसात लिंबाचं झाड, समोर तलाव. नवरा म्हणाला, बरोबर आहे, किती दिवस अडकवून ठेवायचं तिला. मीही म्हणाले, जा आई, खुशाल जा. तोंडानं म्हणाले. मनात हिशेब चालू होता की अंगणवाडी सुटल्यावर मुलगी कुठे राहील, मी घरी येईपर्यंत तिला कोण बघेल, गरम पोळी कोण करेल. मला त्या हव्या होत्या. त्यांच्यावर जीव होता म्हणून थोड्या, आणि सोय होती म्हणून जास्त. ते सरळ सांगायची लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात शेवटचा भाग लागला. नायिकेचं लग्न होतं आणि आजी आपल्या खेड्यात परत जाते. अंगणात मासळी वाळत घालता घालता ती नातीला फोन करते. ओठांवर हसू, डोळ्यांत थोडं पाणी. खाली लिहिलं होतं की मी इथे सुखात आहे, माझ्या घरात मला छान झोप लागते, तुम्ही सुट्टीत या. त्या दिवशी वहिनी आल्या नव्हत्या. आई पुढे सरकून बसल्या होत्या.

"का म्हणते बुढी?" त्यांनी विचारलं.

मी आधी काहीच ठरवलं नव्हतं, ही माझी एकच सबब आहे, आणि तीही धड नाही. मी वाचलं, "इथी मन नाई लागत. रिकामं घर खाले उठते. तुमच्यापाशीच राह्यली असती तं बरं झालं असतं."

आई म्हणाल्या, ती तर हसते आहे. मी म्हणाले, रडू लपवून राह्यली.

संध्याकाळी पिशवी पुन्हा फळीवर गेली. यंदा राहू दे, नंतर बघू, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो खूश झाला. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी नुसतीच उभी राहिले. सांगून टाकावं असं वाटलं. मग मुलगी त्यांच्या मांडीवर जाऊन बसली आणि मी चहात साखर घातली.

याचा परिणाम त्यांच्या गावातल्या घरावर होईल, हे मला सुचलंच नव्हतं. त्यांच्या पुतण्याला ती जागा बरेच दिवस हवी होती आणि आई नाही म्हणत आल्या होत्या. उन्हाळ्यात त्याचा फोन आला तेव्हा त्यांनी हो म्हटलं. मी रिकाम्या घरात एकटी काय करू, असं त्याला म्हणताना मी ऐकलं. वाक्य ओळखीचं होतं. पुतण्यानं कवेलू उतरवले, भिंती पाडल्या, विटांचं नवीन बांधकाम सुरू केलं आणि आईंना मोबाईलवर फोटो पाठवला. लिंबाचं झाड फोटोत दिसत नव्हतं. आईंनी फोटो मोठा करून करून पाहिला आणि चांगलं झालं म्हणाल्या.

त्यानंतर ती मालिका हिंदीत आली. वहिनींनी ती मोबाईलवर पुन्हा पाहिली आणि एका दुपारी येऊन आईंना म्हणाल्या की शेवट तुम्ही मला सांगितला तसा नाही, आजी तर मजेत आहे, मी इथे सुखात आहे असं स्वतः म्हणते. आई चिडल्या. त्यांना एवढं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. हिंदीवाले काहीही बदलवतात, माझी सून इंग्रजी शिकवते, ती खालचं वाचून सांगते, ती खोटं कशाला सांगेल, असं त्या वहिनींना म्हणाल्या. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीचे केस विंचरत होते, विंचरत राहिले.

वहिनी गेल्यावर मला बसवेना. तोंडानं कबूल करायची हिंमत नव्हती, तेव्हा वाटलं, निदान हिंदीत त्यांच्या कानावर तरी पडू दे. मी शेवटचा भाग हिंदीत लावला. आजी अंगणात आली, फोन कानाला लावला आणि हसून म्हणाली, मी इथे सुखात आहे. आईंना हिंदी चांगलं समजतं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"बंद कर हे हिंदी," त्या म्हणाल्या. "तू वाच."

मी हिंदी बंद केलं. तीच म्हातारी, तेच अंगण, खाली इंग्रजी अक्षरं. या वेळी खरं वाचायचं, असं मी ठरवलं होतं. पण तोंड उघडलं आणि गावातलं ते पाडलेलं घर समोर आलं. आता खरं वाचून माझं ओझं उतरलं असतं, पण त्यांना कुठे जाता येणार होतं? मग खोटंच वाचू म्हटलं, तर मागच्या वेळी नेमकं काय म्हणाले होते ते मला आठवेना. मी अडखळले.

आईंनी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"इथी मन नाई लागत म्हणते ना ते," त्यांनी मला आठवण करून दिली. "रिकामं घर खाले उठते, म्हणते."

"हो आई," मी म्हणाले. "तसंच लिहून हाये."